मठाची कडी: आतून की बाहेरून?

ढोकीहून बोलतोय. हा भाग घरी वरच्या खोलीत बसून रेकॉर्ड केलाय, त्यामुळे ऑडिओत मधूनच म्हशीचं हंबरणं ऐकू आलं असेल, सांभाळून घ्या. ज्यांना बसमध्ये इअरफोन लावून ऐकण्यापेक्षा वाचणं सोपं पडतं, त्यांच्यासाठी हा लेखी भाग. बोलताना जे अडखळलो ते काढलंय, बाकी तसंच ठेवलंय.

आजचा विषय आहे ख्रिस्ती मठ. म्हणजे घरदार सोडून, लग्न न करता, नियमात बांधून घेऊन एकत्र राहणारे साधू आणि साध्वी. ही पद्धत सुरू कशी झाली, त्यांचा दिवस कसा जायचा आणि ती आपल्या भागात, गोव्यात नि पुण्यात, कशी येऊन पोचली.

विषय सुचला कसा ते आधी सांगतो. गेल्या वर्षी पुण्यातली खोली सोडून मी गावी आलो. काम तेच, लॅपटॉप तोच, फक्त आता एकटाच. पहिले दोन महिने मजा वाटली. मग एक गोष्ट सुरू झाली. दुपारी दोन-अडीचच्या सुमाराला मेंदू बंद. समोर काम आहे, वेळ आहे, कुणी अडवत नाही, तरी हात फोनकडे जातो. फोन ठेवला की खिडकीपाशी. खिडकीतून परत घड्याळाकडे. तीन वाजायला अजून बारा मिनिटं. वाटायचं ही जागाच चुकली, ही नोकरीच चुकली, दुसरीकडे कुठंतरी गेलं की सगळं सुरळीत होईल.

मला वाटायचं हा फोनचा आजार आहे. मग वाचता वाचता एक माणूस सापडला, इव्हाग्रियस नावाचा. इजिप्तच्या वाळवंटात राहायचा, इ. स. ३९९ मध्ये वारला. म्हणजे सोळाशे वर्षांपूर्वीचा. त्यानं मठातल्या साधूची भर दुपारची अवस्था लिहून ठेवलीय. सूर्य जागचा हलत नाही असं वाटतं. दिवस पन्नास तासांचा वाटतो. साधू सारखा खोलीबाहेर डोकावतो, जेवणाची वेळ व्हायला किती उरलंय ते उन्हावरून बघतो, कुणी भेटायला येतंय का ते पाहतो. जागेचा कंटाळा, हातातल्या कामाचा कंटाळा. इथल्या लोकांत माया उरली नाही असं वाटू लागतं. मग घरच्यांची आठवण. या अवस्थेला ग्रीक भाषेत नाव आहे: अकेडिया. इव्हाग्रियस तिला दुपारचं भूत म्हणतो.

हे वाचून मी हादरलो. ज्या माणसाकडे फोन नाही, वीज नाही, त्याचंही तेच? मग या लोकांनी त्यावर केलं काय? तिथून वाचत गेलो.

तेरचं कापड आणि नाईलचा काठ

आधी आपल्या बाजूनं सुरुवात करू. ढोकीहून जवळ तेर आहे, तेरणा नदीच्या काठी. आपल्याला ते गोरोबाकाकांचं गाव म्हणून माहीत. पण पहिल्या शतकात एका ग्रीक व्यापाऱ्यानं समुद्री व्यापाराची माहिती लिहिली, त्या 'पेरिप्लस' नावाच्या पुस्तकात तेरचा उल्लेख 'तगर' म्हणून येतो. पैठणपासून पूर्वेला दहा दिवसांच्या वाटेवर असलेलं मोठं शहर. इथून कापड, मलमल गाड्यांवर लादून भडोचला जायची. भडोचहून जहाजं निघायची ती इजिप्तच्या तांबड्या समुद्रावरच्या बंदरांना. तिथं उंटांवर माल चढायचा, वाळवंट ओलांडून नाईल नदीवरच्या कोप्टोस गावी उतरायचा आणि होडीनं अलेक्झांड्रियाला. तेरच्या संग्रहालयात रोमन व्यापाराच्या खुणा आजही ठेवलेल्या आहेत. कधी गेलात तर बघा.

त्याच कोप्टोसपासून फार लांब नाही, नाईलच्याच काठावर, पुढे चौथ्या शतकात पहिले संघटित ख्रिस्ती मठ उभे राहिले.

इथं एक गोष्ट स्पष्ट करतो, नाहीतर कमेंटमध्ये भांडण लागेल. आपल्याकडे त्याच्या कितीतरी आधीपासून बौद्ध विहार होते, जैन मुनी होते. धाराशिव शहराजवळची लेणी बघा: मधे मोठं दालन, भोवती भिक्खूंच्या छोट्या खोल्या. म्हणून काही जण लगेच म्हणतात की ख्रिश्चनांनी आपलीच कॉपी मारली. कापड गेलं त्या वाटेनं गोष्टी नक्कीच गेल्या असतील. अलेक्झांड्रियाच्या क्लेमंटनं इ. स. २०० च्या आसपास बुद्धाचं नाव लिहिलंय. पण साम्य दिसलं म्हणजे उधारी सिद्ध होत नाही. माणसाला घर सोडावंसं वाटणं ही कुठल्याच एका देशाची मालकी नाही.

अँटनी आणि त्याची बहीण

साधारण २५१ साली इजिप्तमध्ये अँटनी नावाचा मुलगा जन्मला. घर खाऊन-पिऊन सुखी, चांगली जमीन. तो वीस वर्षांच्या आसपास असताना आईवडील वारले. घरात तो आणि धाकटी बहीण. एके दिवशी चर्चमध्ये त्यानं येशूचं वचन ऐकलं: परिपूर्ण व्हायचं असेल तर जे आहे ते विकून गरिबांना दे. बाकीच्यांनी ऐकलं आणि घरी गेले. यानं खरंच जमीन देऊन टाकली.

पुढे तो वाळवंटात आत आत जात राहिला. एका ओसाड किल्ल्यात वीसेक वर्षं एकटा राहिला. ३५६ मध्ये वारला तेव्हा त्याचं वय एकशे पाच होतं असं त्याचा चरित्रकार अथनेशियस सांगतो. त्या चरित्रानं सगळ्या रोमन जगाला वेड लावलं. शेकडो माणसं वाळवंटाकडे निघाली. इंग्रजीत ज्याला 'मंक' म्हणतात त्याचा मूळ ग्रीक शब्द 'मोनाखोस', म्हणजे एकटा.

पण या गोष्टीत एक वाक्य आहे, त्यावर मी अडकलो. घर सोडण्याआधी अँटनीनं धाकट्या बहिणीला व्रतस्थ कुमारिकांच्या एका घरात नेऊन ठेवलं. बस, एवढंच. तिचं नाव नाही. तिला विचारलं का, तेही नाही. त्यानं वचन ऐकलं, त्यानं ठरवलं, तो निघाला. ती ठेवली गेली.

ही बहीण लक्षात ठेवा. पुढे परत लागेल.

पाखोमियस: पहिलं व्हर्जन फेल

एकट्यानं वाळवंटात राहणं सगळ्यांना झेपत नाही. बरेच जण आजारी पडायचे, काहींना भास व्हायचे, काही अकेडियानं पळून जायचे. यावर उपाय काढला तो पाखोमियसनं.

हा साधा गावातला मुलगा. ३१२ च्या सुमाराला विशीत असताना सैन्यात जबरदस्तीनं भरती झाला. भरतीची पोरं कोंडून ठेवली होती, तेव्हा रात्री काही अनोळखी माणसं येऊन त्यांना खायला घालून गेली. यानं विचारलं, हे कोण? उत्तर मिळालं, ख्रिस्ती. सुटका झाल्यावर तो ख्रिस्ती झाला, काही वर्षं एका म्हाताऱ्या तपस्व्याकडे राहिला आणि ३२० च्या आसपास नाईलकाठी ताबेन्नीसी नावाच्या ओसाड गावात त्यानं मठ काढला.

पहिला प्रयत्न साफ फसला. आलेल्या माणसांचं सगळं तोच करायचा: स्वयंपाक, हिशेब, पाहुणे. त्याला वाटलं आपली सेवा बघून हे सुधारतील. ते उलट त्याला गड्यासारखं वागवू लागले. चार-पाच वर्षांनी त्यानं सगळ्यांना बाहेर काढलं आणि नव्यानं सुरुवात केली. यावेळी आधी नियम.

मी कोड लिहितो, त्यामुळे हा माणूस मला लगेच कळला. सगळं एकाच माणसाच्या चांगुलपणावर चाललं तर तो माणूस थकला की सिस्टिम कोसळते. कोण काय करणार, कधी करणार, आजारी पडला तर त्याच्या जागी कोण, हे लिहून ठेवावं लागतं.

मठाभोवती भिंत. आत वेगवेगळी घरं, प्रत्येक घरावर एक प्रमुख. एकाच प्रकारचं काम करणारे साधारण एका घरात. ताडाच्या पानांच्या, लव्हाळ्याच्या चटया आणि टोपल्या विणायच्या, दोर वळायचे. माल होडीनं अलेक्झांड्रियापर्यंत विकायला जायचा. प्रार्थनेला एकत्र, जेवायला एकत्र, आणि प्रार्थना ऐकतानाही हातात विणकाम चालू. नव्यानं आलेल्याला वाचता येत नसेल तर शिकवायचंच, त्याची इच्छा असो-नसो. शेतकऱ्यांच्या पोरांना सक्तीनं अक्षरओळख, तीही चौथ्या शतकात! ३४६ मध्ये पाखोमियस वारला तेव्हा त्याच्या नियमानं चालणारे पुरुषांचे नऊ आणि स्त्रियांचे दोन मठ होते.

स्त्रियांचा पहिला मठ कसा झाला ते ऐका. त्याची बहीण मरिया त्याला भेटायला आली. हा भेटला नाही. कडक माणूस. दारावरच्या साधूकडून निरोप पाठवला: मी जिवंत आहे, वाईट वाटून घेऊ नको, तुला हे जीवन हवं असेल तर नीट विचार कर, ठरलं तर तुझ्यासाठी जागा बांधून देऊ. तिनं विचार केला, हो म्हणाली आणि पुढे त्या मठाची प्रमुख झाली. भावानं तोंड दाखवलं नाही, हे मला खटकतं. पण विचारलं तरी. अँटनीच्या बहिणीला तेवढंही मिळालं नव्हतं.

बेनेडिक्टचं टाइमटेबल

इजिप्तमधली ही पद्धत पसरत पसरत युरोपात गेली. इटलीत सहाव्या शतकात बेनेडिक्टनं मोंते कासिनोच्या डोंगरावर मठ काढला आणि एक नियमपुस्तिका लिहिली. त्र्याहत्तर छोटी प्रकरणं. पश्चिम युरोपातले बहुतेक मठ पुढे कित्येक शतकं तिच्यावर चालले.

दिवस कसा असायचा? हिवाळ्यात रात्री दोनच्या सुमाराला उठायचं. झोपताना अंगावर कपडे तसेच, खोलीत दिवा चालू, म्हणजे हाक आली की लगेच उठता येईल. रात्रीची एक मोठी प्रार्थना आणि दिवसभरात सात: पहाटे, सूर्योदयाला, सकाळी, दुपारी, तिसऱ्या प्रहरी, दिवे लावताना आणि झोपण्याआधी. बायबलमधली दीडशे स्तोत्रं आठवड्यात एकदा पूर्ण झालीच पाहिजेत. मधल्या वेळात काही तास अंगमेहनत, काही तास वाचन. जेवायला साधारण पाऊण शेर... चुकलो, अर्धा किलोच्या आतबाहेर भाकर म्हणा, दोन शिजवलेले पदार्थ, थोडी द्राक्षाची वाइन. बेनेडिक्ट म्हणतो, खरं तर साधूनं पिऊच नये, पण आजकालच्या साधूंना हे पटवणं अवघड, म्हणून निदान मोजून प्या. स्वयंपाकाची पाळी आठवड्यानं बदलायची आणि मोठ्या जबाबदारीचे वा आजारी सोडून सगळ्यांवर यायची. जेवताना बोलायचं नाही, एकानं वाचायचं, बाकीच्यांनी ऐकायचं.

आता इव्हाग्रियसकडे परत या. दुपारच्या भुतावर उपाय काय होता? कुठलाही भारी मंत्र नव्हता. उपाय होता घंटा. मन लागो न लागो, घंटा वाजली की हातातलं सोडायचं आणि जायचं. काम आवडतंय म्हणून जास्त नाही, नावडतंय म्हणून कमी नाही. हा नियम आपण कमकुवत आहोत हे मान्य केलेल्या माणसांनी आपल्यासाठीच बनवला होता.

आणि आत येण्याचा नियम तर माझा सगळ्यात आवडता. कुणी दार ठोठावलं की लगेच घ्यायचं नाही. चार-पाच दिवस दाराशी ताटकळू द्यायचं. मग पाहुण्यांच्या खोलीत, मग नवख्यांच्या खोलीत. दोन महिन्यांनी अख्खा नियम वाचून दाखवायचा: बघ, याखाली राहायचंय, जमत नसेल तर मोकळा आहेस. सहा महिन्यांनी परत. चार महिन्यांनी परत. एवढं होऊन तो म्हणाला राहतो, तर शपथ. त्याचे जुने कपडे काढून मठाचे द्यायचे. जुने मात्र टाकायचे नाहीत, कोठीत जपून ठेवायचे. उद्या गेलाच निघून तर त्याचे त्याला घालून जाता यावेत.

वाटलं, क्या बात है. आणि पुढचं पान उलटलं.

लगेच पुढचं प्रकरण आईबापांनी मठाला अर्पण केलेल्या लहान मुलांबद्दल आहे. मूल लहान असेल तर त्याच्या वतीनं आईबापांनी शपथपत्र लिहायचं आणि पोराचा हात वेदीच्या कापडात गुंडाळायचा. झालं. मोठ्या माणसाला विचार करायला वर्षभर. लहान पोराला काहीच नाही.

म्हणजे तीच घंटा, तीच भाकर, तीच स्तोत्रं. पण एकानं कडी आतून लावलीय आणि दुसऱ्यावर बाहेरून लागलीय. माझ्या मते मठांचा सगळा इतिहास या एका प्रश्नावर वाचता येतो. आणि तो आपल्या शेजारी, गोव्यात, फार स्पष्ट दिसतो.

जुने गोवे, १६०६

गोव्याला गेलात की जुन्या गोव्यात बॉम जेझूच्या चर्चपाशी सगळेच फोटो काढतात. तिथून वर टेकडीवर गेलं की सेंट ऑगस्टिनचा अर्धवट उभा राहिलेला बुरूज दिसतो. त्याच्या समोर एक दणकट तीन मजली इमारत आहे, भिंतींना बाहेरून मोठे धिरे दिलेली. तो सांता मोनिकाचा मठ. आर्चबिशप आलेशू द मेनेझिस यांनी १६०६ मध्ये सुरू केलेला, स्त्रियांसाठीचा आशियातल्या सुरुवातीच्या ख्रिस्ती मठांपैकी एक. बांधकाम १६२७ ला पुरं झालं, १६३६ मध्ये आग लागली, लगेच पुन्हा बांधला.

मोनिका ही संत ऑगस्टिनची आई. नियमही ऑगस्टिनचा, बेनेडिक्टच्या आधीचा, पण गाभा तोच: खाजगी मालकी नाही, ठरलेल्या वेळी प्रार्थना, एकत्र जेवण. शिवाय बंदिस्त मठ. आत गेलेली बाई परत रस्त्यावर येणार नाही. नातेवाइकांशी बोलायचं ते जाळीआडून.

आत कोण यायच्या? मुख्यतः पोर्तुगीज वंशाच्या घरांतल्या मुली आणि विधवा. काही खरोखर ओढीनं. समुद्रापार, नवरा युद्धात किंवा तापानं गेलेला, अशा विधवेला पुन्हा कुणाच्या घरात आश्रित म्हणून राहण्यापेक्षा हे बरं वाटलं असेल. इथं तिला वाचायला मिळायचं, मठाचा कारभार, हिशेब बायकाच बघायच्या. सतराव्या शतकात बाईच्या हातात एवढं इतर कुठं होतं?

पण दुसरी बाजूही आहे. चांगल्या घरात लग्न लावायचं तर हुंडा मोठा. मठात जातानाही हुंडा द्यावा लागे. तीन-चार मुली असलेल्या बापाचा हिशेब आपल्याला सांगायला नको. गोव्याच्या नगरसभेनं तर राजाकडे तक्रारी केल्या की हा मठ फार श्रीमंत होतोय, हुंडे तिकडे चाललेत, लग्नाच्या मुली तिकडे चालल्यात. तक्रार कशाची बघा. पैशाची आणि नवऱ्यांना बायका मिळत नाहीत याची.

आणि अजून एक थर खाली. या मठात काम करायला गुलाम बायका होत्या. पाणी, धुणं, स्वयंपाक. बेनेडिक्टच्या पुस्तकात स्वयंपाकाची पाळी सगळ्यांना होती ना? इथं ती या बायकांवर. घंटा त्यांच्यासाठीही वाजायची. त्यांनी दार ठोठावलं नव्हतं, त्यांना चार-पाच दिवस कुणी दाराशी थांबवलं नव्हतं. अँटनीच्या बहिणीचं निदान एक वाक्य आहे. यांचं तेही नाही.

१८३४ मध्ये पोर्तुगालनं धर्मसंघ बंद केले. पुरुषांचे मठ रिकामे झाले. समोरचा ऑगस्टिनचा मठ ओस पडला, १८४२ मध्ये त्याच्या चर्चचं छत कोसळलं, १९३१ मध्ये दर्शनी भाग आणि बुरुजाचा अर्धा भाग. सांता मोनिकाच्या नन्सना मात्र राहू दिलं, फक्त नव्या घ्यायच्या नाहीत. म्हणजे एकेक म्हातारी होत गेली, एकेक कमी होत गेली. शेवटची १८८५ मध्ये वारली. पन्नास वर्षं ओसरत जाणारा मठ. शेवटी शेवटी एवढ्या मोठ्या इमारतीत दोन-चार म्हाताऱ्या बायका घंटा वाजवून प्रार्थनेला जमत असतील, हे चित्र डोक्यातून जात नाही.

पुढे तिथं सैन्य राहिलं. १९६४ पासून तिथं 'मातेर देई' ही संस्था आहे, जिथं नन्सना धर्मशास्त्राचं शिक्षण मिळतं. बाजूला ख्रिस्ती कलेचं संग्रहालय आहे. आता तिथं बायका शिकायला येतात आणि शिकून बाहेर पडतात.

सातारा, अहमदनगर, पुणे

आता महाराष्ट्रात या. पुण्यातल्या पंचहौद मिशनच्या चहाची गोष्ट शाळेत ऐकली असेल. १८९० मध्ये टिळक, रानडे वगैरे मंडळी तिथं गेली, चहा पुढे आला आणि पुण्यात केवढा गहजब झाला. ते मिशन चालवणारे पाद्री म्हणजे इंग्लंडमधल्या एका संन्यासी संघाचे लोक होते. चहापायी इकडं प्रायश्चित्ताचा वाद पेटला, पण तो देणारे नेमके कोण हे सहसा सांगितलं जात नाही.

ख्रिस्ती संन्यासाला मराठी रूप देण्याचं काम मात्र मराठी माणसानंच केलं. कवी नारायण वामन टिळक. १८९५ मध्ये ते ख्रिस्ती झाले. आता इथं परत तोच प्रश्न: पत्नी लक्ष्मीबाईंना विचारलं का? नाही. त्या कित्येक वर्षं वेगळ्या राहिल्या आणि मग स्वतः विचार करून १९०० मध्ये ख्रिस्ती झाल्या. 'स्मृतिचित्रे' वाचलं नसेल तर वाचाच. न विचारता ओढलं गेलेलं माणूस स्वतःचा निर्णय स्वतःच्या वेळेनं कसा घेतं, हे त्यात आहे.

१९१७ मध्ये टिळकांनी मिशनचा पगार सोडला, संन्यास घेतला आणि साताऱ्यात 'देवाचा दरबार' सुरू केला. बाप्तिस्मा घेतलेले आणि न घेतलेले, दोघांनाही दार उघडं. १९१९ मध्ये ते वारले आणि ते काम फार वाढलं नाही. पण जॅक विन्स्लो नावाच्या इंग्रज धर्मगुरूवर टिळकांचा खोल परिणाम झाला होता. त्यानं टिळकांचं इंग्रजी चरित्र लिहिलं आणि १९२२ मध्ये अहमदनगरला, म्हणजे आताच्या अहिल्यानगरला, 'ख्रिस्त सेवा संघ' काढला. काही वर्षांत तो पुण्यात शिवाजीनगरला आला.

खादी, जमिनीवर बसून शाकाहारी जेवण, पहाटेची प्रार्थना, ध्यान, अभ्यास. इंग्रज आणि भारतीय एकाच पंगतीत, तेही इंग्रजांच्या राज्यात. १९२७ मध्ये व्हेरियर एल्विन हा ऑक्सफर्डचा हुशार पोरगा इथं दाखल झाला. पुढे गांधीजींकडे ओढला गेला आणि १९३२ मध्ये संघातलाच सोबती शामराव हिवाळे यांच्याबरोबर मध्य प्रांतातल्या गोंडांमध्ये राहायला निघून गेला. नंतर त्यानं चर्चही सोडलं. आदिवासींवर त्यानं केलेलं लेखन आजही वाचलं जातं. त्याचा रस्ता मठातून गेला आणि मठाबाहेर पडला.

तो आश्रम मधल्या काळात मंदावला. १९७२ मध्ये कॅथलिक आणि अँग्लिकन अशा दोन वेगवेगळ्या पंथांच्या भगिनींनी मिळून तो पुन्हा सुरू केला. सांता मोनिकाच्या भिंतीपासून इथवर यायला साडेतीनशे वर्षं लागली.

चार वाजताची घंटा

हे सगळं वाचत होतो तेव्हा एका रात्री जेवताना मी आजीला सांगत बसलो. म्हणलं, आजी, ते लोक पहाटे उठायचे, दिवसभर घंटेवर काम, बोलायचं नाही, स्वतःचं काही नाही. ती भाकरी थापत होती. म्हणाली, "मग त्यात काय इशेष? म्या साठ वर्सं चारला उठले. मला कुनी इचारलं व्हतं का, उठती का म्हनून?"

मी गप्प.

थोड्या वेळानं तीच म्हणाली, "वारीत बी चारलाच उठायचं. पर ते माझं उठनं व्हतं."

मंडळी, मी जे चार महिने वाचत होतो ते तिनं दोन वाक्यांत सांगितलं. दिंडीतही टाइमटेबल असतं. चालणं, हरिपाठ, पंगत, मुक्काम, सगळं ठरलेलं. अंगाला कष्ट घरापेक्षा जास्त. तरी ते तिचे दिवस होते, कारण ती निघाली होती. आणि आपल्या तेरच्या गोरोबाकाकांनी तर घरही सोडलं नाही. मडकी घडवता घडवताच नाम घेतलं.

मी काय केलं? पाखोमियसचं थोडं उचललं. फोनवर तीन घंटा लावल्यात. दुपारी अडीचची वाजली की लॅपटॉप मिटून खाली जातो, गोठा झाडतो, परत येतो. भूत येतंच, पण थोडा वेळच टिकतं. आणि आजीला सांगितलंय की सकाळचा चहा मी करीन, तू वाटलं तर पड. पहिले आठ दिवस ती तरी चारलाच उठली. नवव्या दिवशी साडेपाचला उठली. काही बोलली नाही, पण चहाला नावं ठेवली.

तुमच्या घरात अशी घंटा कुणासाठी वाजते, ती कुणी लावली, ते जरा बघा आणि मला कळवा. पुढच्या भागात तेरच्या विटांच्या त्रिविक्रम मंदिराबद्दल बोलू. ते आधी काय होतं, हीही एक मजेदार गोष्ट आहे.

येतो मग. राम राम.